सर जमशेटजी जीजीभाई आणि चीनची फुले

शहापूर-मुरबाडच्या बाजूस कोणाचे दुखणे हाताबाहेर गेले आणि मुंबई गाठण्याची वेळ आली, की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते जे. जे. चे. आसनगावहून गाडीत बसावे, भायखळ्यास उतरावे आणि जे. जे. रुग्णालयाची वाट विचारावी, हे आपल्याकडील लहानथोरांस ठाऊक आहे. चित्रकला शिकावयास मुंबईस गेलेला मुलगाही जे. जे. चेच नाव सांगतो. परंतु ही दोन अक्षरे ज्या गृहस्थाच्या नावाची, ते सर जमशेटजी जीजीभाई कोण, कोठले, आणि त्यांनी एवढे द्रव्य कोठून मिळविले, हे सांगणारी माणसे फार थोडी.

मंडळाच्या स्मरणिकेत त्यांची हकीकत द्यावयाची ती ते दानशूर होते एवढ्याच कारणास्तव नव्हे. आपल्या भगिनींच्या पेटीत लग्नातला तनछोईचा शालू असतो. पारशी स्त्रियांचा फुलापाखरांनी भरलेला रेशमी गारा आपण चित्रात किंवा कोठे लग्नसमारंभात पाहिलेला असतो. या वस्त्रांवरील फुलांचे मूळ चीन देशातील चित्रकारांच्या कुंचल्यात आहे, आणि ती फुले ज्या जहाजांतून मुंबईस आली त्या जहाजांशी जमशेटजींच्या आयुष्याची सर्व कहाणी बांधलेली आहे.

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. घर पारशी, वडिलांचा कापडाचा लहानसा धंदा, आणि परिस्थिती बेताची. बालपण गुजरातेत नवसारीस गेले. शिक्षण म्हणजे गुजराती लिहिणे-वाचणे आणि हिशेब एवढेच. १७९९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. पोरका मुलगा मुंबईस मामांकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी हे रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून त्यांचे आडनाव बाटलीवाला पडले होते. भाच्याने मामांच्या दुकानात काम धरले. पुढे कित्येक वर्षे जमशेटजी स्वतःसही बाटलीवाला म्हणवीत. लक्ष्मी घरी आल्यावर जुने हलके नाव टाकून देण्याची माणसाची रीत आहे. ती त्यांनी पाळली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या काळी मुंबईतील धाडसी तरुणांस चीनचा व्यापार खुणावीत असे. इकडून कापूस न्यावा आणि तिकडून चहा, रेशीम, साखर, चिनी मातीची भांडी आणावी, असा तो व्यवहार. शतक संपता संपता जमशेटजी एका नातलगाबरोबर हिशेबनीस म्हणून प्रथम चीनला निघाले. जवळ १२० रुपयांची शिल्लक होती असे त्यांच्या चरित्रांतून सांगतात. त्यानंतर १८०७ पर्यंत त्यांनी चीनच्या एकूण पाच सफरी केल्या. मधल्या काळात, १८०३ साली, मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. आवाबाई त्या वेळी जेमतेम दहा वर्षांच्या होत्या.

चौथी सफर जिवावरची ठरली. १८०५ साली इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध चालू असताना त्यांचे ब्रन्सविक नावाचे जहाज लंकेजवळ फ्रेंचांनी पकडले आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकास नेले. माल गेला. परक्या देशात, अंगावरच्या कपड्यांनिशी, दुसऱ्या एखाद्या जहाजाची वाट पाहात राहावे लागले. शेवटी एका डॅनिश जहाजाने कलकत्ता आणि तेथून मुंबई असा परतीचा प्रवास झाला. ब्रन्सविक जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. संकटात जुळलेली ही ओळख पुढे जन्माची झाली, आणि तिच्यामुळे जमशेटजींच्या भाग्याला जशी उंची आली तसा डागही लागला. ती गोष्ट पुढे येईलच.

आता ज्या गावी हे जहाज जात असे त्या कँटनकडे वळू. चीनच्या बादशहाने परदेशी व्यापाऱ्यांस एवढे एकच बंदर मोकळे ठेवले होते. तेथेही शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या तेरा वखारींच्या पट्ट्यातच त्यांनी राहावे, हंगाम संपताच निघून जावे, आणि बायकांना बरोबर आणू नये, असा सक्त नियम होता. त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी चीन कधी पाहिला नाही. तो देश त्यांना कळला तो जहाजातून आलेल्या कापडावरून, बश्यांवरून आणि चित्रांवरून. वखारींच्या मागच्या गल्ल्यांत रेशमाची, हस्तिदंताची आणि चित्रकारांची दुकाने दाटीने होती. त्या गल्ल्यांतून जमशेटजी वावरले.

चिनी लोकांची फुलांची चित्रे पाहण्याची एक रीत आहे. ती समजली नाही तर एक फांदी आणि चार पाकळ्या पाहून आपण पुढे जाऊ. चित्र रेशमावर किंवा कागदावर काढतात. त्यात सावली नसते, आणि फुलाच्या मागे भिंत, बाग, आकाश असे काही दाखवीत नाहीत. पुष्कळ जागा कोरीच सोडतात. ती जागा उरली म्हणून कोरी राहिलेली नसते. ती वारा असते, धुके असते, फुलास श्वास घ्यावयास ठेवलेली मोकळीक असते. काढण्याच्या रीतीही मुख्यतः दोन. एकीत बारीक रेघेने पाकळी न् पाकळी बांधून घेतात आणि मग आत हलके रंग भरतात. दुसरीत रेघ नाहीच. कुंचला शाईत बुडवून एकाच दाबाने पान किंवा पाकळी उतरवितात. तेथे खोडण्याची सोय नाही. आपल्याकडे रांगोळीची चिमूट सोडताना हात थांबला तर रेघ तुटते, तसेच ते आहे. कोपऱ्यात चार ओळी लिहितात आणि तांबडा शिक्का उठवितात, तोही चित्राचाच भाग मानला जातो. असे चित्र गुंडाळून ठेवतात, आणि त्या त्या ऋतूत किंवा सणावारी उलगडून भिंतीवर लावतात.

आणि प्रत्येक फुलाला अर्थ असतो. मोठ्या, भरगच्च पाकळ्यांचे पिओनी नावाचे फूल आपल्याकडे होत नाही. चिनी लोक त्याला फुलांचा राजा म्हणतात, आणि ते वैभवाचे व मानमरातबाचे चिन्ह आहे. शेवंती तर आपल्या दारातली. चीनमध्ये ती दीर्घायुष्याची, आणि थंडीचे दिवस आले, इतर फुले गळाली, तरी न डगमगता फुलणाऱ्या स्वाभिमानी माणसाची खूण. आलुबुखाऱ्याच्या जातीच्या एका झाडाला ऐन हिवाळ्यात, फांदीवर पान नसताना फूल येते, म्हणून ते धैर्याचे आणि आशेचे चिन्ह. बांबू वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही, आणि आतून पोकळ म्हणजे निगर्वी असतो, म्हणून तो सज्जनाचा नमुना. रानात कोणी पाहात नसतानाही सुगंध देणारे ऑर्किडचे फूल म्हणजे गाजावाजा न करणारा सद्गुण. हे फूल, बांबू, शेवंती आणि हिवाळ्यातले ते फूल या चौघांना मिळून चिनी चित्रकार चार सज्जन मानतात. चित्रकला शिकणारा प्रथम या चौघांचीच ओळख करून घेतो.

कमळाचा अर्थ आपणांस समजावून सांगावयास नको. चिखलात उगवून निर्मळ राहणारे हे फूल बौद्ध भिक्षूंच्या उपदेशाबरोबर भारतातील आपले पावित्र्य घेऊन चीनमध्ये गेले. पण चिनी लोकांनी त्यात आणखी एक गंमत केली. त्यांच्या भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात. कमळाच्या नावासारखाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ अखंड, एकापाठोपाठ एक. माशाच्या नावासारखा उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ शिल्लक, विपुलता. म्हणून कमळ आणि मासा एकत्र काढले, की वर्षानुवर्षे घरात शिल्लक राहो असा आशीर्वाद झाला. फुलदाणीचा आणि शांतीचा उच्चार एक, म्हणून फुलदाणीत चार ऋतूंची फुले काढली की बारा महिने सुखाने जावोत असे चित्र झाले. बियांनी भरलेले डाळिंब म्हणजे भरले गोकुळ. दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो आणि संक्रांतीला तिळगुळातून गोडवा वाटतो. त्यामुळे वस्तूत शब्द आणि शब्दात शुभेच्छा ठेवण्याची ही रीत आपणांस परकी वाटू नये.

हीच चित्रांतली फुले कँटनच्या भरतकाम करणाऱ्यांनी सुईने रेशमावर उतरविली. मुंबईच्या पारशी कुटुंबांतून साडीच्या लांबीच्या कापडावर अशा भरतकामाची मागणी होऊ लागली, आणि त्यातून गारा जन्मास आला. जांभळ्या, लाल, काळ्या रेशमावर पांढऱ्या आणि फिक्या रंगांच्या धाग्यांनी पिओनी, शेवंती, कमळे, क्रौंच पक्षी, फुलपाखरे भरलेली असत. मुंबईत आल्यावर नक्षीला घरगुती नावेही पडली. वाटोळ्या ठिपक्यांना कांदा-पपेटा, म्हणजे कांदा-बटाटा. एका फुलाच्या नक्षीला करोळिया, म्हणजे कोळी. पूल, घरे आणि माणसे असलेल्या नक्षीला चीना-चीनी. चिनी फेरीवाले पाठीवर गाठोडे घेऊन पारशी वस्तीत दारोदार भरतकामाच्या पट्ट्या विकीत, ते विसाव्या शतकातही चालू होते. दीर्घायुष्याचा क्रौंच आणि वैभवाची पिओनी मुंबईच्या नववधूच्या अंगावर आली ती अशी. अर्थ मागे राहिला आणि शोभा पुढे आली, पण शुभ म्हणून नेसण्याची भावना टिकली.

तनछोईची हकीकत तर जमशेटजींच्याच नावाशी जोडलेली आहे. त्यांनी सुरतेकडील तीन विणकरांना रेशीमकाम शिकावयास चीनला पाठविले, तेथे छोई नावाच्या उस्तादाच्या हाताखाली ते तयार झाले, आणि तीन शिष्य व छोई गुरू यांवरून त्या वस्त्राला तनछोई नाव पडले, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. कापडाच्या धंद्यातल्या बापाच्या मुलाने हे करावे हे शोभणारेच होय. पुढे ही विणकर कला सुरतेहून बनारसला गेली आणि तेथून शालूच्या रूपाने आपल्या महाराष्ट्रातील लग्नघरांत आली. अंगचाच रंग असलेली, उलट बाजूने धागे न लोंबणारी ती बारीक फुलांची जमीन नीट पाहिली, तर चिनी चित्रातील रेघेचा संयम तिच्यात अजून दिसतो.

येथवरची कहाणी सुंदर आहे. परंतु जहाज तिकडून फुले घेऊन येत होते, तर इकडून काय घेऊन जात होते, हेही विचारले पाहिजे. कापूस होताच. पण जमशेटजींच्या पेढीची खरी भरभराट झाली ती माळव्यातील अफूवर. अफू हीसुद्धा एका फुलाचीच देणगी. पांढऱ्या, नाजूक पाकळ्या गळून गेल्यावर राहिलेल्या बोंडाला चिरा पाडतात, आणि त्यातून पाझरलेला चीक वाळला की अफू होते. त्याच बोंडाची बी म्हणजे आपली खसखस, दिवाळीत आपण अनारशाला लावतो ती. बी निरुपद्रवी आणि चीक घातक, असे हे विलक्षण झाड आहे.

चीनमध्ये अफूच्या व्यापारास बादशहाची बंदी होती. तरीही मुंबई आणि कलकत्त्याहून पेट्यांमागून पेट्या जात. जमशेटजींनी मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेर द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती अशा भागीदारांसह मोठी पेढी उभारली, स्वतःची जहाजे घेतली. तिकडे कँटनला माल उतरवून घेणारे त्यांचे मुख्य अडत्ये होते जार्डिन, तेच ब्रन्सविक जहाजावरचे डॉक्टर. या व्यापारात दोघेही अपार श्रीमंत झाले. चीनमध्ये मात्र कर्त्या पुरुषांस व्यसन लागले, घरातील चांदी गेली, शेते गहाण पडली. अशा घरात बाईचे आणि मुलांचे काय होते, हे दारूने गांजलेली घरे पाहिलेल्या आपणांस कोणी सांगावयास नको. १८३९ साली लिन नावाच्या चिनी अधिकाऱ्याने व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. त्यावरून इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ साली चीनचा पराभव झाला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. आणि त्याच १८४२ साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, त्या एकाच पानावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. जमशेटजी दुष्ट होते असे त्यांच्या ओळखीच्या कोणालाही वाटले नाही. त्या व्यापारात इंग्रज सरकार होते, अनेक प्रतिष्ठित घराणी होती, आणि हिंदुस्थानात तो धंदा कायदेशीर होता. परंतु कायदेशीर असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. ज्यांच्या फुलांवरून आपण शुभ काय ते शिकलो त्यांच्याच घरी आपल्याकडून अशुभ गेले, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाने पुसली जात नाही.

त्यांचे मोठेपणही मग खोटे ठरत नाही. पोरकेपण भोगलेल्या या माणसाचा हात देण्यासाठी आखडला नाही. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, आणि तेथे जातधर्म न पाहता गोरगरिबांस औषध मिळू लागले. पारशी मुलामुलींच्या शिक्षणासाठी १८४९ साली संस्था निघाली. पुण्यास मुळा-मुठेवर बंधारा झाला. सार्वजनिक कामांत त्यांचे जोडीदार होते आपल्या मुरबाडचे सुपुत्र जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. मुंबईस आगगाडी यावी म्हणून १८४५ साली जी मंडळी पुढे सरसावली त्यांत हे दोघे होते. १८५२ साली लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे सन्माननीय अध्यक्ष जमशेटजी आणि अध्यक्ष नाना शंकरशेट. आज आसनगावला थांबणारी गाडी ज्या मार्गाने धावते, त्या मार्गाच्या आरंभकाळी या दोन मित्रांचे परिश्रम आहेत.

आवाबाईंचे नाव तर प्रत्येक स्त्रीने घ्यावे असे आहे. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये खाडी होती, होडीने जावे लागे, आणि पावसाळ्यात होड्या बुडून माणसे मरत. सरकार पूल बांधण्यास पैसे देईना. तेव्हा आवाबाईंनी स्वतःच्या १,५७,००० रुपयांतून तो रस्ता बांधविला. गरिबांकडून टोल घेऊ नये अशी त्यांची अट होती असे सांगतात. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. दहाव्या वर्षी लग्न झालेल्या, नवरा समुद्रावर असताना महिनोन् महिने पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या या बाईला, पाण्यापायी जाणाऱ्या माणसाच्या घरच्यांचे दुःख कळले यात नवल ते काय?

१८५३ साली जमशेटजींनी चित्रकला आणि कारागिरी शिकविणाऱ्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. २ मार्च १८५७ रोजी मुंबईत ती शाळा सुरू झाली. तेच आजचे जे. जे. कला महाविद्यालय. हिंदी कारागिराचा हात जगात कोणापेक्षा कमी नाही, त्याला शिक्षणाची जोड मिळाली पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. ज्याने कँटनच्या गल्लीत चित्रकार, भरतकाम करणारे आणि विणकर यांच्या हातावर सारे गाव जगताना पाहिले, त्याला हे सुचणे स्वाभाविक होते. पुढे १८७२ पासून ग्रिफिथ्स नावाच्या शिक्षकांनी याच शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. कमळाच्या वेली, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, छतांवरील फुले त्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे कागदावर उतरविली. ज्या धर्माने कमळाचा अर्थ चीनपर्यंत पोहोचविला, त्याच्याच लेण्यांतील कमळे चीनच्या व्यापारातील पैशावर उभ्या राहिलेल्या शाळेने पुन्हा आपल्या डोळ्यांपुढे आणली.

१८५७ साली जमशेटजींना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. आवाबाई त्यांच्या मागे काही वर्षे होत्या.

भगिनींनो, आपल्या बाजूच्या पाड्यांवर वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि त्यावाचून लग्न लागत नाही. आपल्या अंगणातील रांगोळीत कमळ असते, गौरीपुढे शेवंती असते. म्हणजे चित्रातील फुलाला अर्थ असतो हे आपण जन्मतःच शिकलेलो आहोत. फक्त तो अर्थ मुलींना सांगण्याचे आपण विसरत चाललो आहो. यंदा लग्नसराईत तनछोईचा शालू पेटीतून काढाल तेव्हा मुलीला जवळ बसवून त्यावरील फुले दाखवा. ही कोठून आली, कोणी आणली, ते सांगा. आणि त्याच जहाजातून इकडून काय गेले, तेही लपवू नका. मिळविलेल्या धनाचा हिशेब केवळ दानाने पुरा होत नाही, ते कोणाच्या घरून आले हेही पाहावे लागते, एवढे त्या मुलीने त्या फुलांबरोबर ध्यानात ठेवले तर शालू नेसल्याचे सार्थक होईल.